स्वरलिपीकार पंडित भातखंडे

शाळेच्या प्रांगणात प्रार्थना सुरू होण्यापूर्वी गुरुजी पेटीवर एक स्वर धरतात. तो ऐकून सारी मुले आपापला कंठ त्याच्याशी जुळवून घेतात. गुरुजींचा आवाज जाड व खालचा असतो; मुलांचा कोवळा व उंच असतो. नीट कान देऊन ऐकले, तर गुरुजी आणि मुले एकाच उंचीवर गात नाहीत, हे सहज ध्यानात येते. तरीसुद्धा प्रार्थना बेसूर झाली असे कोणी म्हणत नाही. उलट, सर्वांचा सूर एक लागला, असेच आपण म्हणतो. आवाजांची उंची निराळी आणि सूर मात्र एकच, हे कोडे दिसते तितके सोपे नाही. त्याचे उत्तर गवयांच्या कंठाला आणि तंतकारांच्या बोटांना शेकडो वर्षे ठाऊक होते. पण ते कागदावर अशा रीतीने उतरवावे, की ज्याने गवयाचे तोंडही पाहिले नाही अशा मुलालाही ते वाचून गाता यावे, हे काम अवघड होते. त्या कामी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव अग्रभागी आहे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. वाळकेश्वराच्या टेकडीवर, बाणगंगेच्या तळ्याभोवती देवळांची दाटी आहे. देवळे म्हटली की पूजा-आरती आणि भजने आलीच. घर मध्यम स्थितीतले होते, पण गाण्याची आवड त्या घरात होती. आईने शिकवलेली गाणी लहानगा विष्णू हुबेहूब म्हणून दाखवीत असे. शाळेत असताना तो बासरी वाजवू लागला आणि पुढे त्याला सतारीचा नाद लागला. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्याने सतारीचे रीतसर शिक्षण घेतले.

हे सतारीचे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते. गळ्यातले स्वर डोळ्यांना दिसत नाहीत. सतारीच्या दांडीवर मात्र ते पडद्यापडद्यांनी मांडलेले दिसतात. कोठे सतार पाहावयास मिळाली, तर तिचे पडदे न्याहाळून पाहा. खुंट्यांकडचे पडदे एकमेकांपासून दूर असतात आणि जसजसे घोडीकडे यावे तसतसे ते जवळजवळ येत जातात. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर थोडे पुढे येणार आहे. तोवर तो मनात राहू द्या.

कॉलेजचे शिक्षण चालू असतानाच, १८८४ मध्ये, भातखंडे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमी गृहस्थांनी ही संस्था १८७० मध्ये काढली होती. तेथे मोठमोठे गायक येत, गात आणि शिकवीत. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. अलीहुसेन आणि विलायतहुसेन या खाँसाहेबांकडून ख्याल घेतले. १८८७ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही काळ कराचीला आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. दिवसा न्यायालय व संध्याकाळी मंडळीचे दालन, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला होता.

त्या काळी गाणे कसे शिकत असत, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. गुरूच्या पुढ्यात बसावे, गुरू गाईल ते ऐकावे, ते गळ्यात उतरेपर्यंत म्हणावे आणि जन्मभर स्मरणात ठेवावे. वही नाही, पुस्तक नाही. एखाद्या घराण्याची खास चीज म्हणजे त्या घराण्याची ठेव असे. ती मुलाला किंवा जावयाला मिळे; परक्याला सहसा मिळत नसे. यात नुसता कृपणपणा होता असे मात्र समजू नये. गाणे हेच ज्यांचे पोट, त्यांनी आपले धन सांभाळून ठेवले तर त्यांना दोष कसा द्यावा? पण याचा परिणाम एवढा होई, की एखादा वृद्ध गवई निपुत्रिक वारला म्हणजे त्याच्याबरोबर शंभर-दोनशे चिजा कायमच्या नाहीशा होत. एक ग्रंथालयच जळून जावे, आणि त्याची वार्ताही कोणाला लागू नये, असा तो प्रकार होता. शिवाय एकच राग दोन गवयी दोन तऱ्हांनी गात. कोणाचे बरोबर, असे विचारले तर प्रत्येक जण आपल्या गुरूकडे बोट दाखवी. वकिलाच्या बुद्धीला हे रुचणारे नव्हते. साक्षीदार आहेत, पण कागद नाही, अशी ती अवस्था होती.

अशातच त्यांच्यावर आघात झाला. १९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांची मुलगीही गेली. घर रिकामे झाले. एखादा माणूस अशा दुःखात खचून गेला असता. भातखंडे यांनी वकिली सोडली आणि उरलेले सारे आयुष्य संगीताच्या शोधाला वाहून टाकले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. पुढची तेहतीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही.

१९०४ मध्ये ते दक्षिणेस निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर, एट्टयपुरम अशी गावे त्यांनी पाहिली आणि ठिकठिकाणच्या विद्वानांना गाठले. भाषेची अडचण पदोपदी येई. तरी व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिकेसारख्या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा लाभ त्यांना याच प्रवासात झाला. पुढे १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम आणि कलकत्ता, तर १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, मथुरा, दिल्ली, जयपूर, उदेपूर, बिकानेर असे दौरे त्यांनी केले. आगगाडी, बैलगाडी, मिळेल ते वाहन. बरोबर प्रश्नांची यादी आणि रोजनिशी. कोणत्या गावी कोण भेटले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, हे ते टिपून ठेवीत. संस्थानांच्या ग्रंथसंग्रहांतील जुनी संस्कृत पोथ्या-पुस्तके त्यांनी नकलून घेतली.

त्या पोथ्यांत त्यांना आपल्या कोड्याचे उत्तर मिळत गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा थोर ग्रंथ लिहिला. त्यात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार, आणि प्रत्येक वरचे स्थान खालच्याच्या दुप्पट, असेही म्हटले आहे. दुप्पट म्हणजे काय, हे सतराव्या शतकातल्या अहोबल पंडिताच्या संगीतपारिजात या ग्रंथात अधिक उघड झाले. अहोबलाने स्वरांची जागा वीणेच्या तारेवर मोजून दाखविली. जे आतापर्यंत केवळ कानाला कळत होते, ते मोजपट्टीलाही कळू लागले. भातखंडे यांना या ग्रंथाचे मोल फार वाटे, यात नवल नाही.

ही मोजणी आपणही करून पाहू. छत्तीस इंच लांबीची एक तार ताणून बांधली आहे आणि ती मोकळी छेडली असता षड्ज, म्हणजे सा, बोलतो, असे समजा. आता बरोबर मध्यावर बोट दाबून उरलेली अठरा इंच तार छेडली तर काय ऐकू येते? पुन्हा सा! पण तो पहिल्यापेक्षा उंच, बारीक, वरच्या मजल्यावरून हाक मारल्यासारखा. त्याला आपण तार सप्तकातला सा म्हणतो. लांबी निम्मी झाली की तारेची कंपने दुप्पट होतात. मधल्या सा ची कंपने दर सेकंदाला २४० धरली, तर वरच्या सा ची ४८० होतात आणि खालच्या, मंद्र सप्तकातल्या, सा ची १२०. एकास दोन हे प्रमाण इतके सरळ आहे, की ते दोन नाद एकदम वाजले तर कानाला जणू एकच वाटतात. म्हणूनच त्यांना निरनिराळी नावे देण्याची गरज कोणाला भासली नाही. पंचमाचे तसे नाही. छत्तीस इंचांच्या तारेवर तो चोवीस इंचांवर सापडतो. तो षड्जाशी गोड जुळतो खरा, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून त्याचे नावही वेगळे आहे.

आता सतारीच्या पडद्यांचा प्रश्न सुटतो. पहिल्या सा पासून वरच्या सा पर्यंत जायला अठरा इंच चालावे लागले. त्याच्याही वरच्या सा साठी उरलेल्या अठरा इंचांचे पुन्हा अर्धे करावे लागतील, म्हणजे या खेपेस अंतर फक्त नऊ इंचांचे. सात स्वर तितकेच, पण जागा निम्मी. मग पडदे जवळ येणार नाहीत तर काय होणार?

सा, रे, ग, म, प, ध, नि हे सात शुद्ध स्वर. त्यांत रे, ग, ध, नि हे चार कोमल आणि म हा एक तीव्र मिळविला, की बारा होतात. मंद्र, मध्य आणि तार अशी तीन सप्तके. मनुष्याचा गळा साधारणतः एवढ्यातच फिरतो. याचा अर्थ असा, की मोजक्या खुणांत सारे गाणे लिहिता आले पाहिजे. प्रश्न होता तो खुणा कोणत्या घ्यावयाच्या, हा.

युरोपात पाच आडव्या रेषांवर ठिपके मांडून संगीत लिहितात. ठिपका जितका वर, तितका स्वर उंच. ती पद्धत मोठी कुशल आहे आणि आपणही तीच घ्यावी, असे म्हणणारे विद्वान त्या काळी होते. पण तिच्यात एक गोष्ट घडते. खालचा सा जर पाच रेषांच्या खाली, एका जादा तुटक रेषेवर बसला, तर वरचा सा तिसऱ्या आणि चौथ्या रेषांच्या मध्ये येऊन बसतो. डोळ्यांना ते दोघे एकमेकांचे कोणी लागतात असे दिसत नाही. शिवाय ती लिपी स्वराची ठरलेली उंची सांगते. आपल्याकडे तसे नाही. प्रत्येक गायक आपल्या गळ्याला मानवेल तेथे आपला सा धरतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नाते सांगतात. भातखंडे यांनी मुलांना आधीच येत असलेली अक्षरे घेतली. सा तो सा. तो कोणत्याही सप्तकात असो, अक्षर बदलावयाचे नाही. मधल्या सप्तकाला काहीच खूण नाही. स्वर तार सप्तकातला असेल तर अक्षराच्या डोक्यावर एक टिंब, आणि मंद्रातला असेल तर अक्षराच्या पायाशी एक टिंब. नि़ सा रे ग प ध सां एवढे लिहिले, की वाचणाऱ्याला कळते: खालच्या मजल्यावरच्या निषादापासून निघावयाचे, आपल्या घरी सा वर यावयाचे आणि चढत चढत वरच्या सा ला जाऊन पोचावयाचे. अक्षर नाते सांगते आणि टिंब अंतर सांगते. साठ वर्षांचे गृहस्थ आणि आठ वर्षांची नात यांनी हेच पान पुढे घेतले, तर दोघे आपापल्या उंचीवर तेच गाणे गातील. आणि पानाने दोघांनाही फसविलेले नसेल.

येथे एक सूचना केली पाहिजे. मराठी वाचण्याची सवय असलेली मुले सां हे अक्षर पाहून नाकात उच्चार करतात. डोक्यावरचे हे टिंब म्हणजे अनुस्वार नव्हे. उच्चार सा असाच करावयाचा, मात्र आवाज वर न्यावयाचा. व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत अनुस्वार गाळला तर अर्धा गुण जातो. येथे टिंब गाळले तर गाणारा माडीवरून एकदम तळघरात उतरतो.

बाकीच्या खुणाही अशाच साध्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. स्वर लांबवावयाचा असेल तर त्याच्यापुढे आडवी लहान रेघ आणि गीताचे अक्षर लांबवावयाचे असेल तर अवग्रह. एका मात्रेत अनेक स्वर बसवावयाचे असतील तर त्यांच्याखाली कंस. मींड असेल तर दोन स्वरांवर कमान. तालाची सम फुलीने दाखवावी आणि खाली शून्याने. पहिल्या दृष्टिक्षेपात पान कोष्टकासारखे दिसते, पण दहा दिवसांत त्याची सवय होते.

लिपी तयार करणारे भातखंडे एकटेच नव्हते. बडोद्याचे मौलाबक्ष यांनी त्यांच्या आधी एक पद्धत काढली होती. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे त्यांची स्वतःची स्वरलिपी शिकवीत. गंमत अशी, की पलुसकरांच्या लिपीत अक्षरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखविते आणि तार सप्तकासाठी उभी रेघ असते. म्हणजे एकाच टिंबाचा एका विष्णूच्या पुस्तकात अर्थ खाली उतरा असा, तर दुसऱ्या विष्णूच्या पुस्तकात वर चढा असा! म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी खुणांचे पान वाचावे. दोघेही आपापल्या जागी थोर होते. परंतु भातखंडे यांची लिपी छापावयास व शिकावयास सोपी ठरली आणि अधिक प्रमाणात रूढ झाली.

लिपी हाती आली. पण लिहावयाचे काय? त्यासाठी गवयांचे दरवाजे उघडावे लागणार होते, आणि ते सहजासहजी उघडत नव्हते. येथे भातखंडे यांची चिकाटी दिसते. जयपूरचे महंमद अलीखाँ आणि त्यांचे पुत्र आशक अलीखाँ यांच्याकडे मनरंग परंपरेच्या शेकडो चिजांचा साठा होता. फोनोग्राफ हे यंत्र तेव्हा नवीनच होते. भातखंडे यांनी त्याचा उपयोग करून त्या चिजा मुद्रित केल्या आणि मग त्या पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरविल्या. रामपूर संस्थानचे नबाब हमीद अलीखाँ आणि तानसेनाच्या वंशपरंपरेतील वजीरखाँ यांच्याकडून शिकता यावे म्हणून, स्वतः ग्रंथकार म्हणून नावारूपास आलेले असताना, त्यांनी तेथे शिष्यत्व पत्करले. गुरूसमोर बसताना आपली विद्वत्ता बाहेर ठेवून यावे लागते. ते सर्वांना जमत नाही.

१९१०च्या सुमारास त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने लिहिला. हिंदुस्थानी संगीतपद्धति हा चार भागांचा विशाल ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. उत्तर हिंदुस्थानातल्या संगीताचा हा आधारग्रंथ आपल्या भाषेत प्रथम अवतरला, याचा मराठी वाचकाला आनंद वाटल्यावाचून राहत नाही. त्यात त्यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली. मग क्रमिक पुस्तकमालिका आली. सहा भागांच्या या मालिकेत अठराशेहून अधिक चिजा स्वरलिपीत दिल्या आहेत. जी ठेव एकेका घराच्या तिजोरीत होती, ती आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली.

साहजिकच टीका झाली. आमच्या घराण्यात ही चीज अशी गात नाहीत, असे कित्येकांचे म्हणणे पडले. आणि ते पुष्कळदा खरेही होते. शेकडो राग दहा थाटांत बसविताना काही राग नीट बसले नाहीत, ही गोष्टही जाणकार दाखवून देतात. भातखंडे यांनी अशिक्षित उस्तादांविषयी कोठे कोठे कठोर शब्द वापरले आहेत. तेथे त्यांचा तोल गेला, असे आम्हांस वाटते. कारण त्यांच्या पुस्तकांतल्या चिजा शतकानुशतके जिवंत ठेवल्या त्या याच लोकांनी, आणि त्याही एका अक्षराच्या आधाराशिवाय.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र निराळा होता. कागदावर लिहिलेला स्वर हा खरा स्वर असतो काय? दरबारी रागातला गंधार हा कोमल असतो, पण तो स्थिर उभा राहत नाही. तो सावकाश झुलतो. दुसऱ्या एखाद्या रागातला कोमल गंधार सरळ लागतो. पुस्तकात दोहोंखाली एकच रेघ! ती झुलण्याची रीत कोणत्या खुणेने दाखवावी? भातखंडे यांना ही उणीव ठाऊक होती. त्यांचे सर्वांत लाडके शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर लहानपणापासून त्यांच्याजवळ शिकत होते. लिपीत लिहिलेले सर्व काही त्या मुलाला वाचता येत होते. तरी १९१७ मध्ये त्याला बडोद्याला उस्ताद फैयाजखाँ यांच्याकडे पाठविण्यात आले, ते त्यांच्या पुढ्यात बसून, जुन्या रीतीने, कानाने शिकण्यासाठी. आमच्या मते या आक्षेपाला याहून प्रामाणिक उत्तर असू शकत नाही.

१९१६ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंडे यांचेच परिश्रम होते. एका मांडवात उस्ताद, पंडित आणि शास्त्रज्ञ असे सारे एकत्र बसले आणि स्वर व राग यांवर चर्चा झाली. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथेही अशा परिषदा झाल्या.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना संगीताची शाळा काढावयाची होती. त्यांनी आपल्या संस्थानातल्या काही गायकांना भातखंडे यांच्याकडे मुंबईस धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले हे होते. ग्वाल्हेरची गायकी ज्यांच्या गळ्यात मुरलेली, अशी ही मंडळी वही-लेखणी घेऊन विद्यार्थ्यांसारखी बसली आणि सा वर टिंब, नि खाली टिंब, असे गिरवू लागली. गाता येत असूनही वाचावयास नव्याने शिकावे लागणे, हे मोठ्या माणसांना सोपे नसते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि हीच मंडळी तेथे शिक्षक झाली.

१९२६ मध्ये लखनौला, राय उमानाथ बली आदी स्नेह्यांच्या साहाय्याने, मॅरिस कॉलेज ऑफ म्यूझिक स्थापन झाले. तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला दिले होते. रातंजनकर १९२८ पासून तेथे प्राचार्य झाले. वर्ग, घंटा, फळा, वेळापत्रक आणि परीक्षा. भूगोल शिकवावा तसे गाणे शिकविण्याची कल्पना जुन्या लोकांना चमत्कारिक वाटली. पण त्या वर्गांत अशी मुले बसली, ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी गवई नव्हता. आणि ज्या काळी सभ्य घरातील मुलींनी गाणे शिकणे कमीपणाचे मानीत, त्या काळी मुलीही येऊ लागल्या. १९६६ मध्ये या संस्थेस भातखंडे यांचे नाव देण्यात आले आणि पुढे तिचे विद्यापीठ झाले.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. ज्यांचे पाय वर्षानुवर्षे प्रवासात थांबले नव्हते, त्यांना तीन वर्षे एका खोलीत काढावी लागली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक पुस्तकमालिकेचे काम तेव्हा पुरते झालेले नव्हते. तिचा अखेरचा भाग त्यांच्या मागे १९३७ मध्ये छापून बाहेर पडला. मालिकेच्या पहिल्या भागात नवशिक्यांसाठी जे टिंब सा च्या डोक्यावर दिलेले आहे, तेच या अखेरच्या भागातील अवघड आणि दुर्मिळ रागांच्या चिजांवरही आहे.